खिंडीपलीकडचं गाव

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या डोंगराच्या पायथ्याशी ती घडली, त्या डोंगराचं नावही आता कुणाला आठवत नाही. लहानांनी ती ऐकावी आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण हिच्यातल्या चुका सगळ्या मोठ्यांच्या आहेत.

त्या डोंगरातून एक नदी उतरत असे. कुणा पूर्वजांनी तिच्यावर दगडी बंधारा घातला होता आणि बंधाऱ्याच्या कुशीतून एक पाट काढला होता. पाट चांगला रुंद होता, दोन्ही अंगांनी दगडांनी बांधलेला. तो आधी वरच्या गावाला पाणी पाजी, मग मधल्या गावाला. मधल्या गावापुढे एक मुरमाची टेकडी आडवी पडली होती. पूर्वजांनी ती टेकडी चिरून खिंड पाडली होती. त्या खिंडीतून पाट पलीकडे उतरे, शेवटच्या गावाची शेतं भिजवी आणि उरलंसुरलं पाणी ओढ्याला देऊन टाकी.

दर उन्हाळ्यात तिन्ही गावांची माणसं एकत्र जमत आणि बंधाऱ्यापासून ओढ्यापर्यंत पाटातला गाळ उपसत. कुणाच्या बांधापुढचा गाळ कुणी काढायचा, असा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे.

मग एका वर्षी पाऊस फार चांगला झाला. पाटाच्या पाण्याची गरजच लागली नाही. लोक म्हणाले, "यंदा गाळ राहू दे." गाळ राहिला, आणि काही बिघडलं नाही. पुढल्या वर्षी, गेल्या साली काही बिघडलं नव्हतं, हेच कारण झालं. असं करता करता एक पिढी गेली. पाटात बाभळी माजल्या. कुणी त्यात शेळ्यांचा वाडगा घातला, कुणी काठाचे दगड उपसून घरापुढे ओटा बांधला. खिंडीचे कडे ढासळले आणि तिचं तोंड बुजलं. बंधाऱ्याचं पाणी आपलं नदीनंच वाहत राहिलं.

आणि मग पाऊस रुसला.

शेवटच्या गावात भिवरा नावाची बाई होती. वयानं पोक्त, अंगानं काटक, बोलायला स्पष्ट. घरात नवरा सुभाना आणि म्हातारे सासरे, एवढीच माणसं. सासऱ्यांना ती मामंजी म्हणे. गावच्या एकुलत्या विहिरीत उतरून, झऱ्यापाशी बसून, वाटीवाटीनं घागर भरावी लागे. भिवरा सकाळी उतरली की ऊन डोक्यावर येईतो वर येत नसे. अशीच एकदा ती झऱ्यापाशी बसली असताना तिच्या मनात आलं, की ज्या पाण्यासाठी आपण पाताळात उतरतोय, ते तिकडे डोंगरात नदीनं नुसतं वाहून चाललंय. पाट तर आहेच. तो फक्त मोकळा करायचा आहे.

तिनं ते आधी सुभानाला सांगितलं, मग देवळापुढे जमलेल्या गावाला.

"राजाकडे जाऊ या," कुणीतरी म्हणालं.

"राजा लांब आहे," भिवरा म्हणाली. "आणि पाट राजानं खणला नव्हता. आपल्याच माणसांनी खणला होता. आपल्याला हात आहेत, वरच्या गावाला आहेत, मधल्या गावाला आहेत. सगळ्यांनी मिळून काढला तर निघेल."

मामंजी देवळाच्या खांबाला टेकून बसले होते. ते म्हणाले, "सूनबाई, काढायचाच असेल तर खिंडीपासून सुरुवात करा. सगळ्यांचे हात ताजे आहेत तोवर अवघड काम उरकून घ्यावं."

"पण मामंजी, खिंडीचं नाव काढलं तर वरची माणसं येतीलच कशाला? त्यांच्या दारापासून काम धरलं तर ती आनंदानं येतील. पाणीही वरूनच यायचंय. आपण आधी त्यांचं करू. त्यांचं झालं की ती आपलं करतील."

"करतील?" एका शेतकऱ्यानं विचारलं.

"करतील," भिवरा म्हणाली. "शब्द देते."

तिचा शब्द गावात चालत असे. आजवर तिनं कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. गाव उठलं आणि कुदळी, फावडी, टोपल्या घेऊन डोंगराच्या वाटेला लागलं.

ते दिवस फार चांगले होते, हे सांगायला हवं. वरच्या गावानं त्यांना पाहिलं आणि आपल्या घरातल्या कुदळी बाहेर काढल्या. मधल्या गावातून बायका भाकऱ्यांची चवड घेऊन आल्या आणि भाकऱ्या वाढून झाल्यावर त्याही टोपल्या उचलू लागल्या. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, कुणी कुणाला मजुरी देणार नव्हतं. बाभळी तुटल्या, गाळाचे ढीग काठावर चढले. ज्यांनी पाटाचे दगड नेले होते त्यांनी आपले ओटे फोडून दगड परत आणले आणि मान खाली घालून जागच्या जागी बसवले. दुपारी सगळे एकाच झाडाखाली बसत, एकाच मडक्यातली अंबील पीत. कुणी गाणं धरलं की पाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते जाई.

मधल्या गावातली सगुणा भिवराच्या जोडीला काम करी. एकीनं खणायचं, दुसरीनं टोपली भरायची. एकदा भिवराच्या तळहाताचे फोड फुटले. सगुणानं आपल्या लुगड्याचा काठ फाडला, हळद लावून तिचा हात बांधला आणि म्हणाली, "आता आज तू टोपली भर. कुदळ मी घेते."

भिवरा हसली. "आज कुणाच्या शेतापुढे आहोत ते पाहिलंस का? तुझ्याच तर आहोत."

"मग काय झालं? तुझ्या शेतापुढेही मी अशीच येणार आहे. तेव्हा तू बांधावर बसून राहा, मी खणते."

दोघी हसल्या. सगुणा तेव्हा खोटं बोलत नव्हती. ऐकणाऱ्यांनो, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा. त्या वेळी कुणीच खोटं बोलत नव्हतं.

पाणी वरच्या गावाला पोहोचलं. मोठा उत्सव झाला. दुसऱ्या दिवसापासून वरच्या गावची माणसं कमी दिसू लागली. "बंधाऱ्यावर लक्ष ठेवायला हवं ना," ती म्हणाली. ते खरंही होतं. भिवरानं मनाची समजूत घातली. मधलं गाव होतं, शेवटचं गाव होतं, काम चालूच होतं.

मग पाणी मधल्या गावाला पोहोचलं. गावचे पाटील स्वतः पाटात उतरले, त्यांनी पाण्यात हळदकुंकू वाहिलं. बायकांनी नारळ-खणानं पाण्याची ओटी भरली. शेवटच्या गावच्या माणसांना मानानं पंक्तीत पुढं बसवून जेवू घातलं. पाटील उभे राहून म्हणाले, "उद्यापासून खिंड! पाणी आता शेवटच्या गावात नेल्याशिवाय थांबायचं नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुभानाच्या डोळ्यांत पाणी आलं. मामंजीसुद्धा म्हणाले, "चुकलो बाबा मी. माणसं चांगली आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं गाव खिंडीपाशी गेलं. मधल्या गावातून कुणी आलं नाही.

"काल उशिरापर्यंत जेवणं चालली होती," भिवरा म्हणाली. "दमले असतील."

त्याच्या पुढच्या दिवशीही कुणी आलं नाही. तेव्हा ती टेकडी चढून मधल्या गावात गेली. सगुणा आपल्या शेतात पाण्याची दारं धरत होती. पायाच्या टाचेनं बांध फोडून पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सोडत होती. इतकी वर्षं कोरड्या पडलेल्या मातीला पाण्याचा वास सुटला होता.

"अगं भिवरा! ये, ये. बघ कसं पाणी खेळतंय."

"बघितलं. छान आहे. खिंडीवर कधी येतेस?"

"येते ना. एवढे वाफे भिजले की आलेच. पाणी आलंय तर पेरून घ्यायला हवं, नाही का? चार दिवस थांब."

भिवरा चार घरं फिरली. कुणाची पेरणी होती, कुणाच्या घरी पाहुणे होते, कुणाचा बैल आजारी होता. सगळ्यांनी तिला बसायला घोंगडी टाकली, गूळपाणी दिलं. नाही असं एकही माणूस म्हणालं नाही. नाही म्हणाले असते, तर शेवटच्या गावानं त्याच दिवशी काहीतरी दुसरा विचार केला असता. त्यांनी "येतो" म्हटलं, आणि शेवटचं गाव वाट पाहत राहिलं.

वाट पाहता पाहता ते खणतही राहिलं. पण आता हात ताजे नव्हते. वर डोंगरापाशी बाभळीची मुळं उपटताना, मधल्या गावापुढचा छातीएवढा गाळ काढताना त्यांची सगळी ताकद खर्ची पडली होती. घरातलं धान्य सरत आलं होतं. खिंडीतला मुरूम दगडासारखा घट्ट होता, कुदळ मारली की हात झिणझिणत. गाळाची टोपली पाटाच्या काठावर टाकता येते. खिंडीतली टोपली डोक्यावर घेऊन पार वर चढावं लागे. दिवसभर खणलेलं सुभाना संध्याकाळी वर उभा राहून पाही आणि खाली बसे.

आणि मग विहिरीचा झरा आटला.

आता पिण्याचं पाणी आणायला टेकडी ओलांडून मधल्या गावच्या पाटावर जावं लागे. जो पाट आपण उपसला, त्याच्याच काठी शेवटच्या गावच्या बायका रिकाम्या घागरी घेऊन उभ्या राहू लागल्या. पहिले काही दिवस मधल्या गावच्या बायका त्यांना "या, या" म्हणत. पुढे काही म्हणेनाशा झाल्या. एके दिवशी एक जण म्हणाली, "जरा खालच्या अंगाला भरा गं. तुम्ही घागरी बुडवता आणि पाणी गढूळ होतं."

भिवरानं घागर काढली आणि खालच्या अंगाला जाऊन भरली. टेकडी चढताना तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

तरी निम्म्याहून अधिक खिंड मोकळी झाली होती. "आणखी थोडं," भिवरा रोज म्हणे. "आणखी थोडं." मग एके दुपारी सगळे भाकरीला वर आले असताना खिंडीचा एक कडा मुळापासून सुटला. आधी बारीक खडे घरंगळल्याचा आवाज आला. माणसांनी वळून पाहीपर्यंत सगळी बाजू खाली बसली. धुरळा विरला तेव्हा खणलेली खिंड दिसतच नव्हती. कुणी त्याखाली सापडलं नाही, ही देवाची कृपा. पण खाली ठेवलेल्या कुदळी, टोपल्या आणि इतक्या दिवसांचं काम सगळं त्या ढिगाऱ्याखाली गेलं.

कुणी रडलं नाही. रडण्याइतकंही बळ कुणात उरलं नव्हतं.

ज्या शेतकऱ्यानं देवळापुढे "करतील?" म्हणून विचारलं होतं, तो भिवरासमोर येऊन उभा राहिला. "आमचे हात तू वर नेलेस," तो म्हणाला. "डोंगरापाशी नेऊन वाटून टाकलेस. आता ते परत आण." आणि उत्तराला न थांबता तो गावाकडे चालू लागला. एकेक करून सगळे त्याच्यामागे गेले.

भिवरा उठली आणि उलट दिशेनं, टेकडी उतरून मधल्या गावात गेली. पाटील चावडीवर बसले होते. तिला पाहून माणसं गोळा झाली. त्यांत सगुणाही होती.

भिवरानं पदर पसरला. "पाटील, खिंड ढासळली. आमच्यानं आता होत नाही. तुमचं गाव लागलं तर अजून होईल. पाण्याविना आमचं गाव उठेल."

पाटील माणूस वाईट नव्हते. ते अवघडले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं सारखं केलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं दुःख कळतं. पण आता कापणी तोंडावर आली. आणि खरं सांगायचं तर खिंड तुमच्या शिवेत येते. ज्याच्या शिवेतलं काम त्यानं करावं, ही रीत आहे."

"मग तुमच्या शिवेतलं काम आम्ही कोणत्या रीतीनं केलं?"

"तेव्हा कुणी शीव पाहिली नाही," पाटील हळू आवाजात म्हणाले.

"हो," भिवरा म्हणाली. "आम्हीही नाही पाहिली."

तिनं गर्दीत सगुणाला शोधलं. सगुणानं नजर खाली वळवली. मग घरून कुणी हाक मारल्यासारखं करून ती निघून गेली. तिला कुणी हाक मारली नव्हती.

त्या आठवड्यात शेवटचं गाव उठलं.

गाव उठणं तुम्ही पाहिलं नसेल तर देव करो आणि कधी न पाहो. कुणी बैल विकले, कुणी बियाण्यासाठी ठेवलेलं धान्य वाटेवर खायला बांधून घेतलं. बायकांनी चुली सारवल्या, जणू संध्याकाळी परत येऊन पेटवायच्या आहेत, आणि मग दारं ओढून घेतली. मामंजी निघायला तयार नव्हते. "मला इथंच देवळापाशी ठेवा," ते म्हणाले. "मला किती पाणी लागतंय?" सुभानानं त्यांना पाठीवर घेतलं. लहान मुलासारखे हलके झाले होते ते. दोन मुक्काम पुढे गेल्यावर, एका परक्या गावच्या माळावर, त्यांनी सुभानाच्या पाठीवरच मान टाकली.

भिवरा त्यांच्या पायांशी बसली. "मामंजी, मी तुमचं ऐकलं नाही," ती म्हणाली. पण ते ऐकायला मामंजी उरले नव्हते.

पुढे वाट फुटेल तिकडे गाव फुटलं. कुणी नदीकाठच्या मुलखात गेलं, कुणी घाट उतरून गेलं. भिवरा आणि सुभाना एका दूरच्या गावात परक्याच्या शेतावर राबू लागले. भिवरा कामाला चुकत नसे, पण तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. एकदा भाकरी खाताना सुभाना म्हणाला, "किती दिवस मनाला खाशील? तू काही वाईट केलं नाहीस. माणसांवर विश्वास ठेवलास. तो काय गुन्हा आहे?"

"गुन्हा नसेल," भिवरा म्हणाली. "पण गाव त्यानंच उठलं."

सुभानानं तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला.

इकडे मधल्या गावात पहिली सुगी छान झाली. कणग्या भरल्या, लग्नं झाली. पण पाणी थांबत नसतं. पूर्वी शेतं भिजवून उरलेलं पाणी खिंडीतून पुढे जाई. आता पुढे वाट नव्हती. बुजलेल्या खिंडीच्या तोंडाशी ते साचू लागलं, आधी डबक्याएवढं, मग तळ्याएवढं. वरच्या गावाला पाणी कमी सोडा म्हणून निरोप गेला. वरच्या गावानं उत्तर दिलं, "बघतो. चार दिवस थांबा."

सखल शेतांत पाणी मुरलं ते मुरलंच. जमीन चिबड झाली. पाय टाकावा तर घोट्यापर्यंत रुतावा, आणि वर पीक पिवळं पडून उभं. दुसऱ्या हंगामाला ऊन पडलं तसं मातीवर पांढरं फुटू लागलं. लोकांनी बोटानं चाटून पाहिलं. ते मीठ होतं. सगुणाचं शेत खिंडीच्या सगळ्यांत जवळ, त्यामुळे तिचं शेत सगळ्यांत आधी गेलं. मग ओल घरांच्या भिंतींत चढली. एका रात्रीत दोन घरांच्या मातीच्या भिंती बसल्या.

तेव्हा पाटलांनी दवंडी पिटवली. "धडधाकट माणसानं घरात बसायचं नाही. उद्या सगळ्यांनी खिंडीवर यायचं."

आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच सगळे आले. वरच्या गावचेही आले, कारण तुंबलेलं पाणी आता त्यांच्या बांधाकडे सरकू लागलं होतं. कुणाची पेरणी नव्हती, कुणाकडे पाहुणे नव्हते. दोन गावांचे हात एकदम लागले आणि ज्या खिंडीपुढे एक गाव खचलं होतं, ती खिंड आठवडाभरात मोकळी झाली. शेवटचा दगड काढला तेव्हा पाणी गर्जत पलीकडे गेलं. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पलीकडून हुंकार द्यायला कुणी नव्हतं.

ही बातमी भिवराला एका कासाराकडून कळली. बांगड्या विकत तो मुलूखभर फिरे. "तुमच्या गावातून पाट वाहतोय," तो म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहून आलो." भिवरा शेतात कापणी करत होती. तिनं विळा खाली ठेवला. सुभानाकडे पाहिलं. मालकाला सांगून दोघं निघाले.

गावात शिरताना आधी त्यांना आवाजच ऐकू आला. पाटात काठोकाठ पाणी होतं. पण दारं उघडून ते वाफ्यांत घ्यायला कुणी नव्हतं. ते काठ फोडून पडीक शेतांत शिरलं होतं, काटेरी झुडपांच्या मुळांशी घोटाळत होतं आणि तसंच ओढ्याकडे चाललं होतं. घरांवरची लाकडं वाटसरूंनी नेली होती. उघड्या भिंतींच्या आत गवत वाढलं होतं. कुठं कुत्रंही भुंकलं नाही.

पाटाच्या काठी दोन-तीन बायका फावड्यानं फुटलेला काठ बुजवत होत्या. त्यांत सगुणा होती. ती फार वाळली होती. भिवराला पाहून तिच्या हातातलं फावडं गळालं. ती धावत आली आणि थोड्या अंतरावर थांबली.

"भिवरा, पाणी आणलं बघ. तुझ्या शेतापुढचा गाळ मी काढलाय. मी म्हणाले होते ना, मी येईन म्हणून? आले मी."

"आलीस," भिवरा म्हणाली.

"आता परत या गं. सगळ्यांना बोलाव. घरं आम्ही बांधून देऊ. पाटील म्हणतात, बियाणंही देऊ."

भिवरानं खाली पडलेलं फावडं उचलून काठाला टेकवलं. मग म्हणाली, "कुणाला बोलावू, सगुणा? कोण कुठं आहे ते मला ठाऊक नाही. मामंजी वाटेत गेले. आणखी कोण कोण गेलं, कुणी सांगायला येत नाही. आणि जे आहेत ते माझ्या हाकेला का येतील? एकदा माझ्या शब्दावर ते सगळे डोंगरापर्यंत आले होते. आता माझ्यापाशी द्यायला शब्द उरला नाही."

सगुणा खाली बसली आणि रडू लागली. भिवरानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या मनात राग नव्हता. राग असता तर सगुणाला बरं वाटलं असतं.

"राहायचं का आपण?" सुभानानं हळूच विचारलं.

भिवरानं गावाकडे पाहिलं. "एका घराचं गाव होत नाही," ती म्हणाली.

दोघं आपल्या पडक्या घरापुढे थोडा वेळ उभे राहिले आणि उन्हं कलायच्या आत आल्या वाटेनं परत गेले. सगुणा काठावर उभी राहून ते दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिली.

पुढे पाट बरीच वर्षं वाहिला. पण मधल्या गावची मिठानं खाल्लेली शेतं पुन्हा काही पिकली नाहीत. हळूहळू तिथली तरणी माणसंही बोचकी बांधून बाहेर पडू लागली. जाताना ती त्याच खिंडीतून, ओस पडलेल्या त्या गावावरून जात. तिथं पाणी मुबलक होतं, पण घटकाभर थांबा म्हणणारं कुणी नव्हतं.

मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, ही गोष्ट एवढंच सांगते: आपली तहान भागली म्हणून जो हातातली कुदळ खाली ठेवतो, तो आधी शेजाऱ्याचं गाव उठवतो आणि मग आपलं.